जातें बदलावें कीं टाकी लावावी?

जुनी वस्तु बिघडली म्हणजे तिचें काय करावें, याविषयीं आपल्या समाजांत आज दोनच मतें प्रचारांत आहेत, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तीं दोन्हीही चुकीचीं आहेत. पहिलें मत असें कीं, ती मोडीत घालावी आणि नवी आणावी. दुसरें मत असें कीं, ती घासूनपुसून दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत मांडावी आणि आल्यागेल्यास कौतुकानें दाखवावी. पहिल्या पक्षाचे लोक स्वतःस पुढारलेले म्हणवितात, दुसऱ्या पक्षाचे लोक स्वतःस रसिक म्हणवितात. परंतु वस्तूच्या बाजूनें पाहिलें तर दोघांच्याही हातून होतें तें एकच. वस्तु कामांतून जाते. एक तिला घराबाहेर घालवितो, दुसरा तिला घरांतच निजवून ठेवतो, एवढाच काय तो भेद.

आमच्या आजीच्या पिढीस तिसरा मार्ग ठाऊक होता. जातें गुळगुळीत झालें, पीठ जाड पडूं लागलें, म्हणजे ती टाकी लावणारीस हांक मारी. ती बाई दाराशीं बसून छिन्नी-हातोडीनें दगड पुन्हां खरबरीत करी, आणि तेंच जातें आणखी कित्येक वर्षें दळीत राही. जातें जुनें झालें म्हणून फेकून द्यावें, हें त्या काळीं कोणास सुचत नसे. आणि दळण बंद करून त्यास नुसतें हळदकुंकू वाहत बसावें, हेंही कोणास सुचत नसे.

या लेखाचें निमित्त मात्र जात्याचें नाहीं, कॅमेऱ्याचें आहे. जुन्नर तालुक्यांत निमगांव सावा म्हणून गांव आहे. तेथील एका परिचित शेतकरी कुटुंबांत जपानी बनावटीचा दोन भिंगांचा एक कॅमेरा, याशिका ६३५, गेल्या तीन पिढ्या आहे. आजोबांनीं त्यावर आसपासच्या गांवांतील लग्नें, बारशीं, शाळेचे वर्ग आणि फॉर्मावर चिकटवावयाचे चेहरे टिपले. वडिलांच्या काळांत रंगीत फोटो आले, मग मोबाईल आला, आणि कॅमेरा ट्रंकेंत गेला. आतां चाकणला नोकरी करणाऱ्या नातवानें तो बाहेर काढला आहे. एका सेकंदावर लावून कळ दाबली तर शटर उघडतें तें मिटावयाचें नांव घेत नाहीं. आरसा काळवंडला आहे. भिंगाच्या आंत कोळिष्टकासारखी बुरशी दिसते. त्यानें आम्हांस विचारलें, "काका, हा नीट करून घेऊं, कीं देऊन टाकून याच्याहून भारी घेऊं?" आणि विचारतां विचारतां हेंही सांगितलें कीं, ज्या ज्या जाणत्याकडे तो गेला, त्या प्रत्येकानें एकच शब्द उच्चारला : अपग्रेड कर.

आमचा मुख्य कज्जा या शब्दाशीं आहे. 'नवें घेणें' हा प्रामाणिक शब्दप्रयोग होता. त्यांत पैसे गेल्याची कबुली असे, आणि घरांतील वडील मनुष्यास 'कशाला?' असा प्रश्न विचारण्याची सोय असे. 'अपग्रेड' या शब्दानें ती सोय काढून घेतली. या शब्दाच्या पोटांत एक जिना दडलेला आहे. तुम्ही उभे आहां ती पायरी, वर आणखी पायऱ्या; आणि वर चढणें हें कर्तव्य असल्यामुळें न चढणारा तो आळशी अथवा दरिद्री. या जिन्यास शेवटची पायरी नाहीं हें सांगण्याचें कामही हा शब्द करीत नाहीं. एका शब्दानें खरेदीस सद्गुणाचें रूप यावें, हें व्यापाऱ्यांच्या कौशल्याचें फळ आहे. आपल्या विवेकाचें खचित नव्हे. म्हणून या शब्दाची भुरळ बाजूस सारून प्रत्यक्ष वस्तूकडेच पाहूं.

हा कॅमेरा म्हणजे तरी काय? १९२९ सालीं जर्मनींतील ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यानें रोलायफ्लेक्स नांवाचा कॅमेरा बाजारांत आणला, आणि तेव्हांपासून या घडणीस जगभर मान्यता मिळाली. त्याच घडणीवर पुढें अनेक देशांतील कारखान्यांनीं आपापले कॅमेरे काढले. याशिका ही त्यांतलीच एक जपानी कंपनी, आणि ६३५ हा तिचा १९५८ सालचा नमुना. एका पेटीस पुढें एकाखालीं एक अशीं दोन भिंगें असतात. खालचें भिंग फोटो घेतें. वरचें भिंग फक्त पाहण्यासाठीं. त्याच्यामागें तिरपा आरसा बसविलेला असतो, आणि त्यावरून परावर्तित झालेलें चित्र माथ्यावरील दुधी कांचेवर पडतें. तें उभें असतें, पण डावें तें उजवें आणि उजवें तें डावें दिसतें. दोन्ही भिंगें एकाच पट्टीवर पुढेंमागें सरकत असल्यामुळें वर स्पष्ट दिसलें कीं खालीं स्पष्ट उतरलें असें समजावयाचें. १२० नंबरच्या एका रिळावर सहा सेंटिमीटर चौरसाचीं बारा चित्रें येतात, आणि अशा प्रत्येक चित्राचें क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या साडेतीन पटींहून अधिक भरतें.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. या यंत्रांत बिघडण्यासारखें फार थोडें आहे. त्यांत वीज नाहीं, पडदा उजळणारा दिवा नाहीं, कांहीं वर्षांनीं कालबाह्य व्हावा असा मेंदू नाहीं. आहे तें इतकेंच : कांच, आरसा, स्प्रिंगा, दांत्यांचीं चाकें, आणि प्रकाश आंत येऊं न देणारी पेटी. निमगांवच्या कॅमेऱ्याचें जें दुखणें नातवानें सांगितलें, त्यांतील प्रत्येक लक्षणास साधें कारण आहे. शटर रेंगाळतें, कारण साठ वर्षांपूर्वींचें वंगण वाळून चिकट झालें आहे. संथ गतीचा ताल राखणारी दांत्यांची साखळी त्यांत रुतते. आरसा काळवंडला, कारण या आरशाचा मुलामा कांचेच्या मागें नसून पुढच्या अंगास असतो, आणि दमट हवा त्यास खाते. बुरशी चढली, कारण कॅमेरा चामड्याच्या पेटींत बंद होता, आणि चामडें पावसाळ्यांतील ओल धरून ठेवतें. यांतील एकही व्याधि म्हातारपणाची नाहीं. या सर्व हयगयीच्या व्याधि आहेत. म्हातारपण आणि हयगय यांतील भेद ज्यास कळत नाहीं, त्यानें यंत्राविषयीं सल्ला देऊं नये. माणसाविषयीं तर मुळींच देऊं नये.

संपूर्ण दुरुस्ती म्हणजे काय, तेंही सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळांस ती वरवरची पुसापुशी वाटते. शटर उतरवून त्याचीं पातीं आणि चाकें धुवावयाचीं, आणि जेथें वंगण हवें तेथेंच अगदीं थेंबभर द्यावयाचें. भिंगें सोडवून आंतील पृष्ठभाग स्वच्छ करावयाचे. आरसा बदलावयाचा. दुधी कांच धुऊन पुन्हां नेमकी बसवावयाची. भिंगें पुढेंमागें नेणाऱ्या भागांतील घट्ट झालेलें वंगण काढावयाचें. मागील झांकणाच्या कडेनें प्रकाश झिरपत असेल तर ती फट बुजवावयाची. सर्वांत महत्त्वाचें काम शेवटचें : फार दूरची वस्तु समोर धरून वरचें आणि खालचें भिंग यांचा मेळ जमवावयाचा. हा मेळ चुकला तर बाकीची सर्व मेहनत फुकट जाते. वर डोळे स्पष्ट दिसतात आणि फोटोंत कान स्पष्ट येतात. हें काम जाणणाऱ्याच्या हातीं थोड्या दिवसांचें आहे, आणि एकदां नीट झालें म्हणजे कॅमेरा पुन्हां कित्येक वर्षें निश्चिंत चालतो.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. त्यांचा पहिला मुद्दा भिंगाचा. ६३५ चें भिंग तीन कांचांचें आहे, आणि त्याच कंपनीच्या वरच्या दर्जाच्या याशिका-मॅट १२४ जी या कॅमेऱ्याचें चार कांचांचें आहे. मग तीनावरून चारावर कां जाऊं नये? हा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. तीन कांचांची रचना डेनिस टेलर या इंग्रजानें १८९३ मध्यें काढली, आणि चार कांचांची टेसार ही रचना त्साइसच्या कारखान्यांत पाउल रुडोल्फ यानें १९०२ मध्यें. पूर्ण उघड्या छिद्रावर चित्राच्या कोपऱ्यांत दुसरी पहिलीहून सरस ठरते, यांत वाद नाहीं. परंतु छिद्र आठ किंवा अकरा या आंकड्यावर आणलें कीं हें अंतर इतकें मिटतें कीं घरांतील भिंतीवर लावलेल्या फोटोवरून कोणता कोणत्या भिंगाचा हें सांगणें भल्याभल्यांस कठीण जावें. आजोबांनीं अंगणांत, भर उजेडांत, वऱ्हाडाच्या रांगा लावून जे फोटो घेतले, ते याच आंकड्यांवर घेतले असणार. चौथी कांच नव्हती म्हणून कोणत्या नवरदेवाचा चेहरा ओळखूं आला नाहीं, हें आम्हांस कोणी दाखवून द्यावें!

दुसरा मुद्दा प्रकाशमापकाचा. १२४ जी मध्यें तो अंगचाच आहे, ६३५ मध्यें नाहीं. पण तो मापक ज्या पाऱ्याच्या सेलवर चाले, ते सेल पाऱ्याच्या विषामुळें गेल्या शतकाच्या अखेरीस देशोदेशीं बंद झाले. आज त्या जागीं कांहींतरी तडजोड करून दुसरा सेल घालावा लागतो. उलट नातवाच्या खिशांत जो मोबाईल आहे तो हेंच मापन फुकटांत करतो. म्हणजे ज्या सुधारणेसाठीं जादा पैसे मोजावयाचे, ती सुधारणाच आधीं म्हातारी झाली, आणि जिच्यांत ती सुधारणा नव्हती ती पेटी मात्र जशीच्या तशी राहिली. यंत्रांत जितकें अधिक, तितकें बिघडावयास अधिक, हा नियम जिना चढणाऱ्यांनीं पायरीपायरीवर लिहून ठेवावा.

परंतु याहून मोठा दोष त्यांच्या सल्ल्यांत आहे, आणि आश्चर्य हें कीं तो साध्या हिशेबाचा आहे. १२४ जी चें उत्पादन १९७० ते १९८६ या काळांत झालें. म्हणजे जो 'भारी' कॅमेरा घ्यावयाचा, तो कितीही नवा म्हटला तरी चाळीशीच्या घरांतला. रोलायफ्लेक्सचा नांवाजलेला २.८ एफ हा नमुना १९८१ सालीं संपला. या सर्वांच्या पोटांतील वंगणही वाळलेलेंच आहे, यांच्या आरशांनींही तेवढेच पावसाळे पाहिले आहेत. विकणारा सांगतो, 'चालू स्थितींत आहे'. त्याचा अर्थ इतकाच कीं कळ दाबल्यावर आवाज होतो. तेव्हां वरच्या पायरीवर चढलेला मनुष्य आधीं कॅमेऱ्याचे पैसे देतो, आणि मग त्याच दुरुस्तीचे पैसे देतो जी टाळण्यासाठीं त्यानें घरचा कॅमेरा विकला. शिवाय घरच्या कॅमेऱ्याचे गुणदोष तीन पिढ्यांस ठाऊक असतात. विकत आणलेल्याचे कोणासच ठाऊक नसतात. ठाऊक असलेला बैल विकून अनोळखी बैल आणणाऱ्यास बाजारांत लोक काय म्हणतात, तें निमगांवकरांस आम्हीं सांगावें असें नाहीं.

येथें एक चतुर वाचक आम्हांस अडवील, आणि त्याचा आक्षेप या वादांतील सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तो म्हणेल, "याच जुन्नर तालुक्यांत खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिची तर शास्त्रज्ञांनीं सुधारणाच केली. ते लोक अडाणी काय?" मुळींच नव्हेत, आणि हें उदाहरण आम्हांस इतकें आवडतें कीं तें आमच्याच बाजूनें मांडण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ही दुर्बीण १९९० नंतरच्या दशकांत उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतील चौदा मध्यभागीं जवळजवळ आणि सोळा तीन बाहूंवर दूर दूर, इतक्या कीं टोंकाच्या दोन थाळ्यांतील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. पुढें २०१० नंतरच्या दशकांत तिचें नूतनीकरण झालें. पण नूतनीकरण झालें कशाचें? थाळ्या त्याच राहिल्या. पोलादी तारांच्या जाळीचे ते पृष्ठभाग, ते मनोरे, त्यांची मांडणी तीच राहिली. बदलले ते लहरी ग्रहण करणारे भाग आणि त्यांच्या मागील विद्युत्साधनें. पूर्वीं एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पकडतां येत असे, तो आतां ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पकडतां येतो. जो भाग खरोखर कमी पडत होता तो बदलला, आणि जो भाग आपलें काम चोख करीत होता त्यास हात लावला नाहीं. यास आम्ही विवेक म्हणतों.

आतां हाच विवेक कॅमेऱ्यास लावून पाहा. कॅमेऱ्याची थाळी म्हणजे भिंग आणि पेटी. ग्रहण करणारा भाग म्हणजे फिल्म. आणि फिल्म तर दर बारा चित्रांनंतर बदलतेच! कोडॅकची पोर्ट्रा ४०० ही रंगीत फिल्म आजच्या स्वरूपांत २०१० सालीं निघाली. १९५८ च्या पेटींत ती घातली कीं त्या पेटीचें ग्रहणयंत्र त्या क्षणीं बावन्न वर्षांनीं तरुण झालें, आणि त्यासाठीं एकही स्क्रू सोडावा लागला नाहीं. मोबाईलमध्यें किंवा डिजिटल कॅमेऱ्यांत हें शक्य नाहीं. तेथें ग्रहण करणारा भाग पेटीशीं जखडलेला असल्यामुळें तो जुना झाला कीं पेटीसकट टाकावा लागतो. म्हणजे ज्या यंत्रास अपग्रेडची खरी गरज लागते तें यंत्र तें करूं देत नाहीं, आणि ज्यास तिची गरज नाहीं त्याच्या मागें मात्र लोक हात धुऊन लागले आहेत. रोलायफ्लेक्सच्या पहिल्या नमुन्यास ११७ नंबरचें आखूड रीळ लागे. पुढें त्यांतील अनेक पेट्या १२० च्या रिळासाठीं बदलून घेण्यांत आल्या. हा खोडदच्या जातीचा बदल होय. अडचण दूर झाली आणि पेटी राहिली. अशा बदलास आमचा विरोध कधींच नव्हता. दुधी कांच अंधुक असेल तर तिच्या जागीं अधिक उजळ कांच बसवावी; आम्ही टाळ्या वाजवूं.

तिसरा मुद्दा फिल्मच्या खर्चाचा आणि तो आम्ही प्रांजळपणें मान्य करतों. एका रिळाची किंमत आज शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी नाहीं, आणि धुलाईचा खर्च निराळा. उटकमंडच्या सरकारी कारखान्यांत 'इंदु' नांवाची फिल्म आणि कागद तयार होत असे. तो कारखाना बंद पडला, आणि आतां परदेशच्या मालावर विसंबून राहणें आलें. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. १२० नंबरचें रीळ १९०१ सालीं निघालें. त्यानंतर आलेले कितीतरी नंबर, ६२० सारखे, मोठ्या कंपन्यांनीं गाजावाजा करून आणले आणि मागाहून बंद करून टाकले. त्यांवर चालणारे चांगले कॅमेरे अनाथ झाले. १२० मात्र सव्वाशें वर्षें टिकलें आणि आजही अनेक देशांत बनतें. ज्याच्या पोटास लागणारें अन्न सव्वाशें वर्षें बाजारांतून हटलें नाहीं, त्यास 'कालबाह्य' म्हणण्यापूर्वीं आपल्या टेबलाच्या खणांतील निरुपयोगी चार्जरांची संख्या मोजावी. आणि वर्षाकांठीं चार रिळें, म्हणजे अठ्ठेचाळीस फोटो, हें एका कुटुंबास पुरेसें नाहीं काय? मोबाईलवर वर्षाकांठीं हजारों फोटो निघतात, आणि त्यांतील एकही भिंतीवर लागत नाहीं. बाराच चित्रें आहेत असें ठाऊक असलेला मनुष्य कळ दाबण्यापूर्वीं समोरच्या माणसाकडे एकदां नीट पाहतो. आणि हा कॅमेरा छातीशीं धरून, मान खालीं घालून पाहावयाचा असल्यामुळें फोटो घेणारा समोरच्यापुढें जणूं नम्र होतो. म्हाताऱ्या आजीच्या तोंडापुढें काळें यंत्र उगारल्यासारखें होत नाहीं. आजीचा चेहरा कोणत्या फोटोंत मोकळा येईल, याचें उत्तर वाचकांनींच द्यावें.

आतां कपाटवाल्या रसिकांकडे वळूं. त्यांचा सल्ला ऐकावयास गोड असतो : "आजोबांची आठवण आहे, जपून ठेव, उगाच कोणा कारागिराच्या हातीं देऊं नकोस." परंतु न चालविलेलें शटर अधिक चिकटतें, बंद पेटींतील बुरशी अधिक पसरते, आणि अखेरीस भिंगाच्या पृष्ठभागास कायमची खाऊन टाकते. तेव्हां जपून ठेवणें याचा अर्थ सावकाश नष्ट होऊं देणें. आजोबांची आठवण पेटीच्या चामड्यांत नाहीं. ती त्यांनीं केलेल्या कामांत आहे. ज्या निगेटिव्हा त्यांनीं पाकिटांत घालून ठेवल्या त्यांत गांवच्या दोन पिढ्या आहेत : जीं घरें पडलीं तीं, जे बैल गेले ते, ज्या बायकांचा आयुष्यांत एकदांच फोटो निघाला त्या. कपाटवाल्यांनीं कॅमेरा मांडला, पण निगेटिव्हा माळ्यावर उंदरांस दिल्या, असें घरोघरीं झालेलें आहे. आठवणीचा खरा कळवळा असेल तर आधीं त्या निगेटिव्हा कोरड्या जागीं हलवाव्या, प्रत्येकीवर नांव आणि गांव लिहावें, आणि नांवें सांगूं शकणारीं म्हातारीं माणसें जिवंत आहेत तोंच हें काम उरकावें.

आणि येथें आम्ही या वादाच्या गाभ्याशीं येतों. प्रश्न एका कॅमेऱ्याचा असता तर त्यावर मासिकाचीं इतकीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. प्रश्न असा आहे कीं, दुरुस्त करणारा हात आपल्या समाजांत शिल्लक राहणार कीं नाहीं. महाराष्ट्रास या हाताचा मोठा वारसा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत परदेशांतून सिनेमाचा कॅमेरा मिळेना, तेव्हां कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनीं तो स्वतःच बनवावयाचें मनावर घेतलें. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं दामल्यांच्या साहाय्यानें १९१८ पर्यंत कॅमेरा चालता केला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आली. मराठी चित्रपटाचा एक मोठा प्रवाह अशा रीतीनें यंत्र उघडून पाहण्याच्या धिटाईंतून निघाला. आज त्याच प्रांतांत शिकलेला तरुण चार स्क्रूंची पेटी उघडण्यास भितो आणि 'अपग्रेड'च्या दुकानीं रांग लावतो!

मुंबईच्या फोर्टांत बोरा बाजाराकडे, पुण्याच्या पेठांत, अजून कांहीं वृद्ध कारागीर असे आहेत कीं जे शटरचा आवाज ऐकून दुखणें सांगतात. त्यांच्यापुढें कामें येत नाहींत म्हणून त्यांचीं मुलें हा धंदा धरीत नाहींत. मुलें धरीत नाहींत म्हणून लोक म्हणतात, दुरुस्त करणारा मिळत नाहीं. आणि मिळत नाहीं म्हणून कामें येत नाहींत. हें रहाटगाडगें फक्त एकाच ठिकाणीं थांबवितां येतें, आणि तें ठिकाण गिऱ्हाइकाच्या हातीं आहे. दुरुस्तीस दिलेले पैसे कॅमेऱ्यांत जात नाहींत. ते त्या विद्येच्या पोटांत जातात. तालुक्याच्या गांवीं अजून घड्याळजी आहे. शटरमधील संथ गतीची साखळी आणि त्याच्या घड्याळांतील साखळी या सख्ख्या बहिणी आहेत. एखाद्या होतकरू घड्याळजीच्या मुलानें हें काम शिकावयाचें मनांत आणलें तर त्यास पहिलें गिऱ्हाईक कोठून मिळणार, याचा विचार आपणच केला पाहिजे.

आम्ही दुराग्रही नाहीं, म्हणून मर्यादाही सांगून टाकतों. बुरशीनें भिंगाची कांचच कोरली असेल. पेटी पडून पुढची पट्टी वांकली असेल आणि दोन्ही भिंगें समांतर राहिलीं नसतील. शटरमधील भाग हरवले असतील. अशा वेळीं दुरुस्ती हा हट्ट ठरतो. तेव्हां तो कॅमेरा दुसऱ्या कॅमेऱ्यांच्या सुट्या भागांसाठीं कारागिरास देऊन टाकावा. त्यांतही मोड नाहीं, दान आहे. तसेंच ज्यास फोटो काढावयाचेच नाहींत, केवळ दुरुस्त केल्याचें समाधान हवें आहे, त्यानेंही हा खर्च करूं नये. टाकी लावावी ती दळावयाचें असेल त्यानेंच.

निमगांवच्या तरुणास आमचें उत्तर म्हणून असें आहे. प्रथम मागचें झांकण उघडून, फिल्म न घालतां, उजेडासमोर धरून एकेक गति चालवून पाहा, आणि भिंगांतून दिवा पाहून बुरशी किती खोल आहे तें ठरवा. घरचें खोबरेल किंवा शिवणयंत्राचें तेल शटरमध्यें चुकूनही घालूं नका; तें पात्यांवर पसरतें आणि बरा होणारा रोग असाध्य करतें. नंतर तो कारागिराकडे न्या, पोस्टानें धाडूं नका. समोर बसून काय बिघडलें तें समजून घ्या, आणि दोन्ही भिंगांचा मेळ जमविल्याची खात्री करून घ्या. पहिलें रीळ परीक्षेसाठीं खर्चा, आणि कोणत्या चित्रास कोणती गति व कोणतें छिद्र ठेवलें तें वहींत टिपा. पावसाळ्यांत चामड्याची पेटी दूर ठेवून कॅमेरा ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवा, आणि महिन्यांतून एकदां सर्व गतींवर चालवा. आणि दुसरें रीळ घातलें म्हणजे गांवांतील सर्वांत वृद्ध अशा बारा माणसांच्या दारीं जा. त्यांच्यापैकीं कोणी 'अपग्रेड'ची वाट पाहत थांबणार नाहीं.